गाडीचं ऑइल वाढतंय? वारज्याच्या एका गॅरेजचा लांबलचक रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, पण आधी हे सांगते की तुमच्या डिझेल गाडीचं इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं असेल आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून "नॉर्मल आहे" हे ऐकून ऐकून कान किटले असतील तर हे गॅरेज तुमच्या कामाचं आहे. बाकी वॉशिंग, पॉलिश, सीट कव्हर, एसीचा वास असलं काही काम असेल तर जाऊच नका, ते करत नाहीत, आणि "करता का?" म्हणून विचारलं तर जे उत्तर मिळतं त्यावरून आपण अजून पुण्यातच आहोत याची खात्री पटते.

नाव देत नाहीये कारण मालकांनीच सांगितलंय, "लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको, आहेत त्याच गाड्या उरकत नाहीत." वारज्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला आहे, ज्यांना माहितीये त्यांना एवढ्यावरून कळेल. बोर्डवर गॅरेजच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'फक्त डिझेल' लिहिलंय आणि त्याच्या खाली पत्र्याची दुसरी पाटी, 'घाई असल्यास कंपनीत जावे'.

गाडी बाबांची. २०२१ ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, मॅन्युअल. कुठल्या कंपनीची ते राहू दे, कारण हे एकाच कंपनीचं दुखणं नाहीये, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत कमीजास्त प्रमाणात होतंच. बाबांनी डिझेल घेतली ती निव्वळ ॲव्हरेजसाठी, आणि रिटायर माणसाच्या गाडीचं रनिंग काय तर डहाणूकर कॉलनीतून कोथरूडची मंडई, कर्वे पुतळ्याजवळची बँक, फार तर महिन्यातनं एकदा लक्ष्मी रोड आणि परत, म्हणजे इंजिन धड तापायच्या आत घर येतं. पण बाबांना त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळापासून एक सवय आहे, रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढायचं, जुन्या बनियनच्या फडक्याला पुसायचं, परत घालायचं, काढून उजेडात धरायचं. त्यामुळेच कळलं, नाहीतर आजकाल कोण बघतंय, डॅशबोर्डवर लाल दिवा लागेपर्यंत बॉनेट कुठून उघडतं हेसुद्धा निम्म्या लोकांना माहिती नसतं. पद्मिनी ऑइल प्यायची म्हणून बाबा डिकीत कॅन ठेवायचे, आणि ही बया बसल्या जागी ऑइल वाढवतेय. गेजवर मॅक्सची खूण असते ना, त्याच्या चांगलं बोटभर वर.

कंपनीत नेली. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर मुलगा हसून म्हणाला, "सर, कमी असतं तर प्रॉब्लेम होता, जास्त आहे म्हणजे चांगलंच ना." बाबा म्हणाले, "अहो पण मी एक थेंब घातलेला नाही, मग आलं कुठून?" यावर उत्तर काय, तर सिस्टीममध्ये एरर कोड नाहीये सर. मग पंपाने वरचं जास्तीचं ओढून काढलं, गेज बरोब्बर मॅक्सला आणून दाखवलं, जॉबकार्डवर 'ऑइल लेव्हल करेक्टेड' लिहिलं, गाडी धुऊन दिली. थोड्या आठवड्यांनी परत वर. परत तोच पंप, परत तेच 'करेक्टेड'. शेवटी आई वैतागून म्हणाली, "वरण पातळ झालं म्हणून वाटीभर काढून टाकलं तर उरलेलं घट्ट होतं का रे बाबांनो?" आईला गाडीतलं ओ की ठो कळत नाही पण या प्रकरणात सगळ्यात आधी तिला कळलं असं माझं म्हणणं आहे.

तर गॅरेज. मालक पन्नाशीचे, बाबांना काका म्हणतात, मला ताई, आणि बॉनेटला हात लावायच्या आधी पहिला प्रश्न, "गाडी जाते कुठं कुठं?" बाबांनी मंडई, बँक वगैरे सांगितल्यावर ते नुसतं "हां" म्हणाले आणि पोराला सांगितलं, स्कॅनर घे. मला हे आवडलं, कारण एवढ्या वेळा कंपनीत जाऊन हा प्रश्न कुणी एकदाही विचारला नव्हता, किलोमीटर किती झाले एवढंच विचारायचे.

पण त्यांनी लगेच डीपीएफवर बिल फाडलं नाही. ऑइल वाढलं की त्यात काहीतरी मिसळतंय हे उघड आहे, पण काय मिसळतंय ते आधी बघायला लागतं असं त्यांचं म्हणणं, आणि क्रम असा. पहिलं म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. डब्यातली लेव्हल उतरलीये का, ऑइल टाकायच्या झाकणाला आतून दुधी चहासारखा फेस आहे का, कारण हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ते फार वाईट. आमच्या गाडीत कूलंट जागच्या जागी, झाकण साफ. दुसरं म्हणजे नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर. एखादा नोझल गळका असला, नीट बंद होत नसला की तो सिलेंडरमध्ये डिझेल टिपकवत बसतो, पण मग गाडी आयडलिंगला थरथरते, धूर मारते, स्कॅनरवर त्या एका सिलेंडरचं करेक्शन बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतं. आमचे चारही सारखे. तिसरं हाय प्रेशर पंपाचं सील. आणि चौथं म्हणजे कुणीतरी सर्व्हिसिंगला मुळातच जास्त ओतलं असेल, हेही होतं म्हणे आणि बरंच होतं, कारण ड्रमवरून गनने ऑइल भरतात आणि जुनं पूर्ण निथळायच्या आत भरतात. पण जास्त ओतलेलं एकदाच जास्त असतं, दर महिन्याला वाढत नाही.

मग त्यांनी गेजवरचा थेंब पेपरच्या कोऱ्या समासावर सोडला आणि आम्हाला चहा मागवला. चहा संपेपर्यंत थेंबाचा मधला भाग काळा आणि बाहेर फिकट पिवळट कडं पसरलेलं, मालकांनी पेपर बाबांच्या नाकाजवळ धरला, बाबा म्हणाले, "रॉकेल?" "डिझेल हो काका."

आता हे डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये जातं कसं ते त्यांनी जसं सांगितलं तसं सांगते, कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा प्रदूषणाचा नवा नियम आला. डिझेल कारने किलोमीटरमागे किती काजळी सोडायची याची मर्यादा बीएस-फोरला २५ मिलिग्रॅम होती ती एकदम ४.५ मिलिग्रॅमवर आली. साध्या सायलेन्सरला हे जमणं शक्य नाही म्हणून एक्झॉस्टमध्ये डीपीएफ बसवला, म्हणजे बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी, काजळी तिच्यात अडकते. अडकली की कधीतरी ती जाळायला लागणार, त्याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजात नुसतं 'रिजन'. हायवेला लांब पळवली तर एक्झॉस्ट तसाच गरम असतो, बरीचशी काजळी आपसूक जळत राहते. गावात तसं होत नाही, मग जाळी भरत आली की कॉम्प्युटर स्वतःच ठरवतो की आता जाळायचं आणि त्यासाठी जाळीचं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास न्यायला लागतं. एवढी उष्णता आणायची कुठून, तर पिस्टनने आपलं काम केल्यानंतर उशिरा आणखी थोडं डिझेल सिलेंडरमध्ये मारायचं, ते तिथे जळत नाही, तसंच बाहेर पडून डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि जाळी तापवतं. हा झाला कागदावरचा हिशोब. पण उशिरा मारलेलं डिझेल सगळंच्या सगळं बाहेर जात नाही, थोडं सिलेंडरच्या भिंतीला चिकटतं, ऑइलच्या थरात मिसळतं, रिंगांवरून खाली सरकतं आणि चेंबरमध्ये जाऊन बसतं.

एकदा बसलं की ते सहजासहजी उडूनही जात नाही, ही खरी गोम आहे. पेट्रोल गेलं असतं तर ऑइल तापल्यावर बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल उकळायला लागतं तेच १८० डिग्रीच्या पुढे आणि शेवटचा भाग ३५० च्या आसपास, आणि ऑइल तर १०० च्या आगेमागे तापतं. आमच्या मंडईवाल्या गाडीचं तर तेवढंही तापत नाही.

आणि त्यात भर म्हणजे रिजन चालू असताना गाडी बंद करणं. हे लक्षात कसं येतं ते नीट सांगते कारण बाबा रोज हेच करत होते आणि कुणालाच पत्ता नव्हता. तुम्ही घरी येता, पार्किंगमध्ये गाडी लावता, आयडलिंगचा आरपीएम नेहमी आठशेला असतो तो हजाराच्या आसपास चिकटलेला, समोरचा फॅन जोरात, गाडीखालून तापलेल्या इस्त्रीसारखा वास, ॲव्हरेजचा आकडा अचानक पडलेला, ज्यांच्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे त्यांचं ते चालत नाही. अशा वेळी चावी फिरवली की रिजन अर्धवट राहतं. काजळी तिथेच, पण तोपर्यंत मारलेल्या डिझेलपैकी चेंबरमध्ये जायचं ते गेलेलं. उद्या परत सुरुवात, परत अर्धवट. काही गाड्यांत एलएनटी पण असतो, नॉक्स म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइड वायूंसाठीचा सापळा, तो साफ करायलाही अधूनमधून जास्तीचं डिझेल लागतं, म्हणजे दुष्काळात तेरावा.

स्कॅनरवर आमचं पितळ उघडं पडलं. शेवटचं पूर्ण झालेलं रिजन कधी आणि मध्ये किती वेळा सुरू होऊन बंद पडलं ते दोन्ही दिसतं. मालकांनी स्क्रीन फिरवून दाखवली, बाबांनी चष्मा वर केला, काही बोलले नाहीत.

यानंतर त्यांनी बिलाच्या पावतीमागे एक हिशोब मांडला, त्या हिशोबासाठी मी चारातले तीन स्टार देईन. समजा चेंबरमध्ये ५ लिटर ऑइल बसतं. अर्धा लिटर डिझेल उतरलं, झालं साडेपाच, म्हणजे डिझेल झालं ९ टक्के. कंपनीने वरचं अर्धा लिटर ओढून काढलं. पण त्यात डिझेल वेगळं आणि ऑइल वेगळं असं येत नाही ना, दोन्ही मिसळलेलं, म्हणजे काढलं त्यात जवळजवळ सगळं चांगलं ऑइलच गेलं, डिझेल जेमतेम ४५ मिली. गेज मॅक्सला, सगळे खूश. परत अर्धा लिटर उतरलं, परत साडेपाच. आता डिझेल किती? १७ टक्के. गेज दोन्ही वेळेला तेच दाखवतंय, आणि आत जवळपास दुप्पट घाण. म्हणून ते म्हणतात, ऑइल वाढलं तर काढायचं नाही, बदलायचं. नुसतं काढून देणाऱ्याने तुमची गाडी दुरुस्त केलेली नाही, तुमचं गेज दुरुस्त केलंय.

मी विचारलं की मग गेजची खूण सोडून ऑइलला नक्की होतं काय. तर दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात. एक, पातळ होतं. पातळ ऑइलचा थर बेअरिंगवर, टर्बोच्या शाफ्टवर, कॅमवर टिकत नाही, प्रेशर पडतं, ऑइलमधली घिसाई रोखणारी रसायनंही विरळ होतात. दुसरं, लेव्हल फार वर गेली की क्रँक फिरताना ऑइलला झोडपतो, फेस होतो आणि पंप फेस ओढतो, सीलं गळायला लागतात. आणि अगदीच हद्द झाली तर ऑइल ब्रीदरच्या पाइपमधून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा घ्यायच्या वाटेत, ओढलं जातं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळायला लागतं, रनअवे म्हणतात त्याला, आरपीएम वर वर जातो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही कारण डिझेल इंजिनला ठिणगी लागतच नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून धरून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि गाडी बंद पाडायची, एवढाच हातात उपाय. हे रोज घडत नाही, घाबरवायला सांगत नाहीये, पण "जास्त आहे म्हणजे चांगलंच" म्हणणाऱ्या मुलाला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

मला खात्री करून घ्यायची होती म्हणून ऑइलचं सँपल लॅबला पाठवायला सांगितलं. ते स्वतःहून सुचवत नाहीत, "ताई, वासावर कळतंय त्याला लॅब कशाला" असं म्हणतात, पण मागितलं तर पाठवतात, पैसे वेगळे. रिपोर्ट आला. १०० डिग्रीला ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ७.९ सेंटिस्टोक्स. आमच्या गाडीत ५डब्ल्यू-३० चालतं, त्यातल्या ३० साठी ही व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ च्या मध्ये असायला हवी. म्हणजे आम्ही तिशीचं ऑइल घालून विशीच्या ऑइलवर गाडी चालवत होतो. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ ज्या तापमानाला पेट घेते तो, २०० च्या वर हवा तो दीडशेच्याही खाली. बाबांनी हा रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आरसीच्या बरोबर ठेवलाय, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात.

ऑइल बदलतानाचं काम मात्र बघण्यासारखं. इंजिन गरम करून घेतलं, गाडी लिफ्टवर सपाट, चेंबरचा बोल्ट काढला आणि खाली रेघा असलेला मोठा मापाचा डबा ठेवला. ओघळ संपल्यावरही गाडी तशीच ठेवली, थेंब थेंब पडत होतं, पोरगं आरामात दुसऱ्या गाडीचा फिल्टर बदलत होतं. शेवटी डबा वर उचलून डोळ्यासमोर धरला. घातलेलं त्यापेक्षा अर्ध्या लिटरहून जास्त निघालं, आणि तेही मधे दोनदा कंपनीने काढून घेतल्यावर. बोल्टाचा वायसर नवीन, फिल्टर कंपनीचाच, कॅनचं सील आमच्यासमोर फोडलं. ऑइल कमी राखेचं, सी३ वालं (डीपीएफवाल्या गाड्यांसाठीचा ऑइलचा एक दर्जा), आणि इथे त्यांनी तडजोड केली नाही. मी नाना पेठेत स्वस्त मिळतं म्हणून घेऊन येऊ का विचारलं तर म्हणाले, आणा, पण डब्यावर सी३ बघून आणा आणि दुकानदाराचं बिल आणा. साध्या ऑइलमध्ये राख जास्त असते, ती डीपीएफमध्ये साठते आणि काजळी जशी जळून जाते तशी राख जळत नाही, कितीही रिजन करा. प्रत्येक गाडीला सी३च लागतं असंही नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेच घ्यायचं.

मग स्कॅनर लावून उभ्या गाडीवर सर्व्हिस रिजन केलं, म्हणजे जाळीतली काजळी साफ. ते आधी केलं असतं तर नव्या ऑइलमध्ये डिझेल गेलं नसतं असं मला वाटलं, तसं बोलले पण. तर उत्तर आलं की जुनं एवढं पातळ होतं की त्यावर अर्धा तास गरम करून टर्बोला त्रास देण्यापेक्षा नव्यात थोडंसं गेलेलं परवडलं. पटलं म्हणा, तरी माझ्या मते नवीन ऑइल घालायच्या आधी एखादं स्वस्त ऑइल घालून हे करता आलं असतं. असो, गॅरेज त्यांचं आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पुण्यात दर दोन गल्ल्यांआड कुणी ना कुणी 'डीपीएफ काढून देतो, मॅप मारतो (गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलतो), कटकटच संपली' म्हणणारा भेटतो, आमच्या सोसायटीतल्या एकाने करूनही घेतलंय. मी मुद्दाम विचारलं. मालक म्हणाले, "करता येतं. मी करत नाही. कायद्यात बसत नाही आणि आमच्या डोक्यावरच त्या टेकडीवर गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय बसलीये, लाज वाटते." शेवटचं वाक्य हसत हसत बोलले पण काम खरंच करत नाहीत, समोरच एका इनोव्हावाल्याला परत पाठवलेलं मी पाहिलं.

उपाय काय, तर गाडीचा स्वभाव बदलणार नाही, माणसाने बदलायचा. त्यांनी बाबांना सांगितलं की आठवड्यातून एकदा गाडी पळवायची, चांगली वीस-पंचवीस मिनिटं, साठच्या वर, दोन हजार आरपीएमच्या पुढे, चौथ्या-पाचव्या गिअरला. बाबा म्हणाले, "पुण्यात साठच्या वर? कुठे?" हा प्रश्न योग्यच होता. मग दोघांनी मिळून रूट ठरवला, सकाळी सहाच्या आत चांदणी चौकातून बायपासला लागायचं, नवले पुलाच्या पुढे कात्रजचा नवीन बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या अलीकडून वळून परत. संध्याकाळी वाकड-हिंजवडीकडे जाल तर रिजन राहिलं बाजूला, क्लच जाईल. ऑइलही कंपनीच्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्षाची वाट न बघता गावातल्या वापराला पाच-सहा हजारात किंवा सहा महिन्यांत बदलायचं, आणि मॅक्सच्या वर दिसलं की तारीख-बिरीख न बघता. घाई नसेल आणि रिजन चालू आहे असं वाटलं तर सोसायटीत न शिरता अजून एक फेरी मारायची. आता बाबा रात्री दहाला "एक राउंड मारून येतो, रिजन चाललंय" म्हणून जातात आणि येताना पान खाऊन येतात, ते वेगळं.

मी नंतर थोडं वाचलं तर हे काही आपल्याकडचंच नाहीये. माझदाच्या स्कायॲक्टिव्ह डिझेल गाड्या, ज्या आपल्याकडे मिळत नाहीत, त्यांच्या गेजवर मॅक्सच्याही वर एक्सची खूण असते आणि मॅन्युअलमध्येच लिहिलंय की ऑइल त्या खुणेच्या जवळ गेलं की बदला. म्हणजे ऑइल वाढणार हे त्यांनी गृहीत धरलंय आणि गिऱ्हाइकाला सांगितलंय. टोयोटाने हायलक्सच्या जीडी इंजिनात वेगळा मार्ग काढला, एक जादा इंजेक्टर थेट एक्झॉस्टमध्ये बसवला, रिजनचं डिझेल तिथेच मारायचं, सिलेंडरमध्ये जायचा प्रश्नच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ना ती खूण ना तो इंजेक्टर, आणि शोरूममध्ये गाडी विकताना "रोजचं रनिंग किती?" हा प्रश्न कुणी धड विचारत नाही. मारुतीने २०२० ला डिझेलच बंद केलं तेव्हा आम्ही हसलो होतो, आता रोजचं सहा-सात किलोमीटर रनिंग असणाऱ्याने डिझेल घेऊ नये हे मी मोठ्याने सांगत असते.

आता फरक पडला का. वाढणं पूर्ण थांबलं का तर नाही, पण आधी महिन्यात जेवढं चढायचं तेवढं आता चढायला बरेच महिने लागतात, गेज अजून मॅक्सच्या खाली आहे. इंजिनचा आवाज भरदार झालाय असं बाबा म्हणतात, मला काही कळत नाही. ॲव्हरेज मात्र खरंच सुधारलं, कारण अर्धवट रिजनमध्ये डिझेल उगाच जायचं ते कमी झालं.

आता कापलेला एक स्टार. वेळ पाळत नाहीत. सकाळी दहाला बोलावून साडेबाराला गाडी आत घेतली, तोवर बसायला एक बाकडं आणि टर्बोच्या रिकाम्या खोक्यांची रास, बाईमाणसाला जायला टॉयलेट नाही, बाजूच्या हॉटेलात जायला लागतं. फोन उचलत नाहीत, मेसेज करा, रात्री उत्तर येतं. लेबर कंपनीपेक्षा फार स्वस्त नाहीये, ऑइल, फिल्टर, स्कॅनिंग, रिजन धरून सात हजारांच्या थोडं आत बिल झालं, लॅबचे वेगळे. आणि बोलणं तिखट आहे, एका मुलाने ऑनलाइन व्हिडिओ बघून "मला वाटतं नोझल गेलाय" सांगितलं तर "मग खोलून आणा, मी बघतो" म्हणाले. आपल्याला चालत असेल तरच जा.

वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र आधी इथे नेऊ नका असं ते स्वतःच सांगतात. कंपनीत जा, गाडी सपाटीवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटांनी तुमच्यासमोर गेज काढायला लावा, किती वर आहे ते जॉबकार्डवर लिहून घ्या, फोटो काढा, 'करेक्टेड' वगैरे लिहू देऊ नका, ऑइल बदललं की काढलं ते स्पष्ट लिहायला सांगा. दोनदा-तीनदा असं लिहिलेलं हातात असलं की पुढे भांडायला बरं पडतं.

गुरुवारी बंद. यूपीआय चालतं, कार्ड नाही. गाडी सर्व्हिस रोडला लावू नका, ट्रॅफिकवाले उचलतात, शेजारच्या फर्निचरवाल्यांना विचारून त्यांच्या आवारात लावा, गॅरेजचं नाव सांगितलं की ते कुरकुर करत हो म्हणतात.